परड्यातल्या ठिबकसाठी पाइप मीटरवर मिळू दे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, ३४ वर्षं लेथवर काढून निवृत्त झालेला टर्नर आहे. शेतकरी नाही. माझ्या नावावर सातबारा नाही, आहे ते फुलेवाडीच्या अलीकडं एक बैठं घर आणि त्याच्या मागं २२ फूट बाय १८ फुटांचं परडं. म्हणजे ३९६ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा धरला तर तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडंसं जास्त. एवढ्याशा जागेवर वर्तमानपत्रात काय लिहायचं, असं घरच्यांनी विचारलं. पण गेल्या महिन्यात जे झालं ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

परड्यातल्या ठिबकची एक नळी खारीनं कुरतडली. १० मीटर लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी नळी, १६ एमएमची, आणायला गेलो. चार दुकानं फिरलो. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच : "मामा, किती एकर?" म्हटलं, एकर न्हाई बाबा, परड्याला पाहिजे, १० मीटर दे. दोघांनी मान हलवली. तिसरा म्हणाला, बंडल फोडत नाही, न्यायचं तर अख्खं न्या. अख्खं बंडल म्हणजे शेकडो मीटर. माझी सगळी बाग मिळून नळी लागते ४० मीटर. चौथा मुलगा भला होता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "कशाला मामा हा कुटाणा? पाइप धरून पाणी मारा की. आपल्याकडं पाण्याला काय तोटा हाय?"

त्या पोराला मी तिथं उत्तर दिलं नाही. ते इथं देतो, कारण असं म्हणणारा तो एकटा नाही.

तोटा नाही, हे खरं आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्याची पुण्याई आपण आजवर खातोय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा गावाला वळसा घालते. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं, ते कोल्हापूरकर विसरले का? निम्मं गाव पाण्यात होतं आणि नळाला थेंब नव्हता, कारण नदीकाठचे उपसा पंपच पुरात बुडाले होते. माझी सून आणि मी कळशा घेऊन टँकरमागं उभे होतो. पाणी भरपूर असणं वेगळं आणि पाहिजे तिथं, पाहिजे तेवढं असणं वेगळं, हे मला त्या रांगेत कळलं.

आणि भरपूर पाण्यानं काय होतं, ते बघायला लांब जायला नको. माझे मेव्हणे शिरोळ तालुक्यात आहेत. उसाला वर्षानुवर्षं पाट सोडून पाणी दिलं, खालचं क्षार वर आलं, आणि त्यांच्या रानाच्या एका कोपऱ्यात आज पांढरं मीठ फुटलेलं आहे. तिथं ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. त्या पट्ट्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढायची वेळ लोकांवर आली. एकदा पाणी घालायला पैसे मोजले, नंतर तेच पाणी काढायला. मेव्हणे मला म्हणाले होते, "दाजी, रानाला पाण्यापेक्षा वाफसा लागतोय. हे आमाला उशिरा कळलं."

वाफसा हा शब्द मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेला. माती ओली पण चिखल नाही, भुसभुशीत पण कोरडी नाही. मुळाला पाणीही मिळतं आणि हवाही. मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला तर फुटावा. पाइपनं पाणी मारलं की माती एक दिवस चिखल असते, तिसऱ्या दिवशी वाळते, आणि वाफसा मधे थोडाच वेळ भेटतो. ठिबकनं मुळापाशी तो जवळजवळ रोज टिकतो. मला ठिबकचं कौतुक आहे ते पाणी वाचतं म्हणून दुसरं, वाफसा राहतो म्हणून पहिलं. ठिबक म्हणजे दुष्काळी मुलखाचं साधन, आपल्याला त्याचं काय, हा समज आपल्या भागानं सोडावा.

ही काही परकी विद्याही नाही. आई परड्यात दोडक्याच्या आळ्यात गाडगं पुरायची, बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात. सकाळी गाडगं भरलं की दिवसभर पाझरायचं. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती जशी थेंब थेंब पडते, तसंच ते.

आता माझ्या परड्याचा हिशेब सांगतो. मापाची सवय हातातून गेलेली नाही, त्यामुळं आकडे जरा जास्त येतील, ते कृपया कापू नयेत.

आधी आमची सौ. रोज संध्याकाळी अर्धा तास पाइप धरून पाणी मारायची. मी एकदा घड्याळ लावून १५ लिटरची बादली भरली. बरोबर एक मिनिटात भरली. म्हणजे अर्ध्या तासात ४५० लिटर. त्यातलं वाटेवर किती, भिंतीवर किती, पानांवर किती, देव जाणे. रोज तिन्हीसांजेला पानं भिजायची आणि रात्रभर ओली राहायची, त्यामुळं टोमॅटोवर करपा ठरलेला. आणि दोन दिवस गावाला जाऊन आलं की तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी, मग टोमॅटो तडकायचे.

ठिबक असं केलं : ३-३ फुटांवर ६ ओळी, प्रत्येक २२ फुटांची. आत ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बसवलेली इनलाइन लॅटरल, ड्रिपर ४० सेंटिमीटरवर, तासाला २ लिटरचा. एका ओळीत १६, सगळे मिळून ९६. पाणी २०० लिटरच्या ड्रममधून. ड्रमला अँगलचा ३ फूट उंच घोडा, म्हणजे लोखंडी स्टँड, मी स्वतः वेल्डिंग करून घेतला. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर जातो, त्यामुळं विटा रचून त्यावर ठेवायचं धाडस कुणी करू नये. ड्रमच्या तळाला कॉक, कॉकनंतर जाळीचा फिल्टर, मग सबमेन म्हणजे सगळ्या ओळींना पाणी देणारी मुख्य नळी, तिच्यावर भोकं पाडून ग्रोमेट (रबरी रिंग) आणि टेकऑफ (लॅटरल जोडायचा तुकडा). ड्रम सेकंडहँड धरून सगळं मिळून बावीसशे रुपयांच्या आसपास गेले.

इथं मी पहिल्यांदा फसलो, ते सविस्तर सांगतो, कारण दुसरा कुणीही इथंच फसेल. सुरुवातीला एका दुकानातून मला 'पीसी' म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेटेड लॅटरल मिळाली. "ही भारीतली हाय मामा, पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला सारखं पाणी." माल भारीतला होता यात शंका नाही. पण त्याच्या ड्रिपरमध्ये रबराचा पडदा असतो आणि तो नीट चालायला पाण्याची निदान चार-पाच मीटर उंची लागते. माझा ड्रम ३ फुटांवर. काही ड्रिपर गळले, बरेच गप्प बसले. कापलेली नळी परत घेणार नाही म्हणाले. दुकानदाराची लबाडी होती असं मी म्हणत नाही. त्याला पंपावरचं ठिबक माहीत होतं, ड्रमवरचं नव्हतं. पण घरगुती माणसाला विकताना 'पाणी कशावरून घेणार, टाकी किती उंच' एवढा एक प्रश्न विचारला असता तर माझे सहाशे रुपये वाचले असते. ड्रमवर साधी, पडदा नसलेली लॅटरलच घ्यावी.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. '२ लिटरचा ड्रिपर' हे माप एक किलो दाबाला असतं, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याला. आणि दाब चौपट केला तर प्रवाह दुप्पटच होतो. उलटंही तसंच. मी ड्रम अर्धा असताना नातवाची दुधाची बाटली ड्रिपरखाली धरली, तिच्यावर मिलीलिटरच्या खुणा असतात. खालच्या बाजूला पाव तासात १७५ मिली, मागच्या भिंतीकडं १४० मिली. म्हणजे तासाला २ लिटर सोडा, पाऊण लिटरही नाही. मागच्या बाजूला कमी का, म्हणून लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून बघितलं, तर बांधकामाच्या वेळचा भराव तिथं दीड फूट वर होता. शेताच्या दाबात दीड फूट काहीच नाही. ड्रमच्या दाबात तो पाचवा हिस्सा पाणी खातो. मग मी ओळी उताराला आडव्या टाकल्या, वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळींना वेगळे कॉक दिले, आणि खालचा कॉक वरच्यापेक्षा पाऊण तास आधी बंद करतो. ड्रम रिकामा व्हायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात.

आता उन्हाळ्यात रोज एक ड्रम, थंडीत दिवसाआड. ४५० लिटरच्या जागी २००. आणि ड्रमचा एक मोठा फायदा, जो मी अनुभवावरून सांगतो : विसरलं तरी २०० लिटरच्या पुढं पाणी जाऊच शकत नाही. जोतिबाच्या यात्रेला गेलो तेव्हा शेजारच्या पोराला फक्त सकाळी ड्रम भरून कॉक सोडायला सांगितला, बंद करायची काळजीच नव्हती. म्हणून ठिबक थेट नळाला किंवा गच्चीवरच्या टाकीला जोडू नये, असं माझं मत आहे.

सौ.चा विरोध होता. तिचं म्हणणं, "अहो, पाणी घातल्यासारखं वाटतच नाही. वरनं माती कोरडीच दिसती." शेजारच्या काकी तर भिंतीवरून बघायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, वांगी तहानल्याली दिसत्यात की." आणि खरंच, आठ दिवस सौ. माझ्या माघारी बादलीनं पाणी घालत होती. मी रागावलो नाही. चाळीस वर्षं जिनं झाडं जगवली तिला असं वाटणारच. एका सकाळी मी तिला दोन वांग्यांच्या मधे खुरप्यानं चार बोटं उकरायला लावलं. खाली माती गार, ओली, काळी. तिनं स्वतःच लाडू करून बघितला. त्या दिवसापासून ड्रमची राणी तीच आहे, माझ्या हातात फक्त रविवारची साफसफाई. तिच्या गुडघ्यांचं दुखणंही कमी झालं, कारण वाकून बादल्या उचलणं थांबलं. हे मला पाण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

उसाचा पाला आपल्याकडं कमी नाही. ओळींवर वीतभर पाचट अंथरलं की ऊन नळीवर पडत नाही, मातीही लवकर वाळत नाही, आणि ओळींच्या मधली जागा कोरडी राहिल्यानं तणही कमी. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, घेवडा, दोडका, कारली यांना ठिबक छान. मेथी, कोथिंबीर, पालक यांना नाही. ते दाट पेरतात, थेंबाथेंबानं सगळ्या वाफ्यावर पाणी पसरत नाही. त्यांना झारीच बरी. मी एक कोपरा झारीसाठी ठेवला आहे.

बिघाड होतात, ते लपवण्यात अर्थ नाही. माझा पहिला ड्रम निळसर, उजेड आत जाणारा होता. महिन्यात आत शेवाळ धरलं. तो काळ्या रंगानं रंगवून झाकण लावल्यावर थांबलं. एकदा जीवामृत (शेण-गोमूत्राचं खत) न गाळता ड्रममध्ये ओतलं आणि ११ ड्रिपर बंद पडले. इनलाइनचा ड्रिपर काढून धुता येत नाही, तुकडा कापून जॉइनर घालावा लागतो. आता सुती धोतराच्या दोन घड्यांतून गाळल्याशिवाय काही घालत नाही, आणि घातल्यावर शेवटी अर्धी बादली साधं पाणी सोडतो. गल्लीतल्या बोअरचं पाणी एक उन्हाळा वापरलं तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटं चढली, तेही सोडलं. दर रविवारी फिल्टरची जाळी धुवायची आणि नळ्यांची शेवटची टोपणं काढून मिनिटभर पाणी वाहू द्यायचं, एवढं केलं तर फारसं काही अडत नाही. खारीला दोष देत नाही; ऐन मे महिन्यात तिला नळीतल्या पाण्याचा वास लागतो. भिंतीवर पाण्याची मातीची थाळी ठेवली तेव्हापासून एकदाच नळी कुरतडली गेली, तीही थाळी भरायची राहिली होती म्हणून. मृगाचा पाऊस लागला की सगळं गुंडाळून माळ्यावर, दसऱ्यानंतर परत खाली.

आता मागणं.

दुकानदारांना हात जोडून विनंती आहे की एक बंडल घरगुती गिऱ्हाइकासाठी फोडून ठेवा. १० मीटर मागणाऱ्याला १० मीटर द्या, पाच ग्रोमेट मागणाऱ्याला पाच द्या, पाहिजे तर मीटरमागं रुपया जास्त घ्या. रोपवाटिकेत मिरचीचं रोप विकत घेणाऱ्या बाईला तिथंच नळी, फिल्टर आणि कॉक मिळाला तर ती घेईल. तिला एकराचा हिशेब विचारू नका, ड्रम किती उंच आहे ते विचारा.

सरकारी योजनेबद्दल : 'प्रति थेंब अधिक पीक'खालचं अनुदान सातबारा असणाऱ्या शेतकऱ्याला मिळतं, ते योग्यच आहे. आम्हा प्रॉपर्टी कार्डवाल्यांना अनुदान नको. आम्हाला शिकवणारा माणूस पाहिजे. मेरी वेदर मैदानावर कृषी प्रदर्शन भरतं तेव्हा मी दरवर्षी जातो. ठिबकचे मोठाले स्टॉल असतात, ट्रॅक्टर असतात, आणि मी २० फुटांच्या वाफ्याचं विचारलं की समोरचा माणूस हसून पत्रक हातात देतो. एका स्टॉलच्या कोपऱ्यात एक ड्रम, एक घोडा, दोन ओळी आणि खाली मापाचं भांडं, एवढं मांडायला किती जागा लागते? आपल्या गावात कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी महिन्यातल्या एका रविवारी एखाद्या महापालिकेच्या बागेत तासभर हे जोडून दाखवलं, तर मी माझा ड्रम आणि हत्यारं घेऊन मदतीला येईन. पंच मारायचा कसा, ग्रोमेट बसवायचा कसा, हे हातानं केल्याशिवाय येत नाही.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे. गच्चीवरच्या आणि परसातल्या बागांचे सुंदर फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. त्याखाली पाण्याचं माप कधी नसतं. झाडं किती, जागा किती, पाणी रोज किती लिटर आणि कशानं दिलं, एवढ्या चार ओळी फोटोखाली छापायला सांगा. उद्यमनगरात ड्रॉइंगवर माप नसेल तर आम्ही जॉब मशिनला लावत नव्हतो.

माझी १० मीटर नळी अखेर मिळाली. इचलकरंजीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं तुकडा शिल्लक होता, त्यानं पैसेही घेतले नाहीत. पण प्रत्येकाची अशी ओळख नसते.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त टर्नर, कोल्हापूर)

ता. क. : ड्रमबद्दल एक राहिलं. उद्यमनगरात आणि एमआयडीसीत जुने ड्रम स्वस्तात मिळतात. त्यांत थिनर, ॲसिड, कूलंट नाहीतर कटिंग ऑइल भरलेलं असतं. कितीही धुतलं तरी ते भाजीसाठी घेऊ नयेत. मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते लोक मला विचारून असे ड्रम घरी नेणार होते, म्हणून मुद्दाम लिहिलं. खाण्याच्या वस्तूचा ड्रम मिळाला तरच घ्यावा, नाहीतर नवा घ्यावा.